सईचं कॉलेज आणि न मिळालेला कौल

देव आपलं ऐकतो का, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाच नव्हता. ऐकतो असं गृहीत धरूनच मी रोज त्याच्याशी बोलत आले. पण तो उत्तर देतो का, आणि दिलं तर ते घ्यायची आपली तयारी असते का, हे स्वतःला विचारायची वेळ माझ्यावर आली ती वोल्फ्सबुर्गला असताना, सईच्या कॉलेजपायी.

सई आमची एकुलती एक. आमचे हे तिथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. सई लहान असतानाच आम्ही पुण्याहून तिकडे गेलो. ती शाळेत रुळत गेली तशी मराठी तिच्या कानात राहिली आणि तोंडातून गेली. मी मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा मायलेकींचा संसार. तिन्हीसांजेला मी देवापुढे दिवा लावला की ती शेजारी येऊन हात जोडायची, पण तिच्या मनात काय चाललंय ते मला कधी कळायचं नाही. तिचं आबिटुअर, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, उत्तम पार पडलं. ब्राउनश्वाइगला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जागा मिळत होती, घरापासून हाकेच्या अंतरावर. ह्यांनी तर तिकडच्या रीतीप्रमाणे ऑफिसात केक नेऊन वाटलासुद्धा.

आणि एका संध्याकाळी जेवताना सईने शांतपणे सांगितलं की तिला इंजिनिअरिंग नको आहे. थुरिंगियाच्या डोंगरांत एका लहानशा गावी एक ख्रिस्ती कॉलेज होतं. जेमतेम शंभरेक मुलं, जुन्या मठाची इमारत. तिथे तत्त्वज्ञान, साहित्य, इतिहास, संगीत, थोडं गणित असं सगळं एकत्र शिकवत. मुलं आणि शिक्षक एकाच छपराखाली राहत, एकत्र जेवत, आणि दिवस प्रार्थनेने सुरू होई. तिने आम्हाला न सांगता अर्ज केला होता आणि तिला प्रवेशही मिळाला होता. आता फक्त होकार कळवायचा होता.

"तत्त्वज्ञानावर काय चालतं?" हे म्हणाले. माणूस गाड्या बनवतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट कशावर चालते हे त्याला आधी कळावं लागतं. पण दोन दिवस फुगून बसल्यावर त्यांनी सगळं माझ्यावर सोडलं. "तू बघून ये. तू हो म्हणालीस तर माझी ना नाही."

माझी काळजी पोटापाण्याची नव्हती. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. पोर तिथे गेली तर तिचा देव बदलेल आणि माझ्या देवघरात ती पाहुण्यासारखी येईल, ही ती भीती. ख्रिस्ती लोकांशी माझं काही वाकडं नव्हतं. माझी पुण्यातली शाळाच मिशनची, तिथल्या सिस्टरांनी मला शुद्धलेखन शिकवलं. पण आपली शाळा वेगळी आणि पोटच्या पोरीचं कॉलेज वेगळं, असं हे आईचं न्यायशास्त्र.

माझं सासर मालवणकडचं. आमच्या घरात मोठा निर्णय रामेश्वराला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या अंगावर पाण्याने फुलाच्या पाकळ्या लावतो आणि मागणं सांगतो. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. ह्यालाच कौल लावणं म्हणतात. लग्नापूर्वी मी ह्या प्रकाराला हसत असे, पण एवढ्या वर्षांत माझाही जीव त्या पाकळ्यांत अडकला होता. मी कॉलिंग कार्ड घेऊन गावी माझ्या धाकट्या दिरांना, बाबू भावोजींना फोन लावला आणि सईसाठी कौल लावायला सांगितलं. डावा कौलच मिळणार ह्याची मला खात्री होती. सईला काय सांगायचं, त्याची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी भावोजींचा आवाज पडलेला. "वयनी, देव काय बोलाक नाय. पाकळी पडाकच नाय. गुरवान तीनदा लावल्यान."

"पाणी जास्त लागलं असेल. परत लावायला सांगा ना."

"तसा चलना नाय. गुरव म्हणता, देव गप रवलो तर आपणय गप रवाचा."

फोन ठेवला आणि मला रडूच फुटलं. हो म्हणाला असता तर मी त्याच्याशी भांडले असते, नाही म्हणाला असता तर निभावलं असतं. पण अगदीच गप्प? सातासमुद्रापार आलेल्या माणसांची दखल तो घेतच नाही की काय, असंही मनात येऊन गेलं. देवाचा राग आला आणि त्या रागाचीही भीती वाटली.

कॉलेज बघायला मी आणि सई निघालो तो दिवस नेमका श्रावणी सोमवार होता. माझा उपास संध्याकाळी सूर्य मावळल्यावर सुटायचा. जर्मनीत श्रावणात सूर्य नऊ वाजत आले तरी मावळायचं नाव घेत नाही. आमच्यातल्या शहाण्या बायका घड्याळात सात वाजले की सूर्य मावळला असं समजून पान वाढून घेत. मी हट्टी, मी खिडकीत उभी राहून सूर्याची वाट बघायची. त्या दिवशी तर कौलाच्या रागात पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. तीन गाड्या बदलून, वर चढ चढून आम्ही मठाच्या दारात पोचलो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

दारातच एक वयस्कर बाई भेटल्या. उंच, पांढरे केस बारीक कापलेले. तिथे ग्रीक शिकवत. माझा चेहरा बघून त्यांनी माझा दंड धरला आणि काही न विचारता मला सावलीत बसवलं. मग सईला इमारत दाखवायला पाठवून त्या माझ्याजवळच बसल्या. माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी विचारून टाकलं, "तुम्ही माझ्या मुलीला ख्रिस्ती करणार का?"

त्या हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. "आम्ही तिला प्रश्न विचारायला शिकवू," त्या म्हणाल्या. "तुमच्या देवाबद्दलचे प्रश्न मात्र ती तुम्हालाच विचारेल. त्यांची उत्तरं आमच्याकडे नाहीत."

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. उन्हाळी वर्गासाठी राहिलेली तीसेक मुलं लांब टेबलांभोवती जमली. आम्हालाही बसवलं. सूप वाढायला मुलगी आली तेव्हा मी ताटलीवर हात आडवा धरला. ग्रीकच्या बाईंनी हळूच विचारलं, "उपास?" मी म्हटलं, "हो. सूर्य मावळेपर्यंत." त्यांनी एकदा खिडकीतल्या लख्ख उन्हाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आपलं सूप शेजारच्या मुलाकडे सरकवलं. "मग एकटीने कशाला?" म्हणाल्या, आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. उपास कुठल्या देवाचा, हे त्यांनी विचारलंही नाही. घर सोडल्यापासून माझ्या उपासाला सोबत अशी कुणी दिलीच नव्हती.

त्या घराची एक रीत होती. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याने जेवणाआधीची प्रार्थना आपल्या भाषेत म्हणायची. सगळे माझ्याकडे बघू लागले. मला भर दुपारी एक शब्द आठवेना. मी सईकडे पाहिलं. ती म्हणाली, "आई, लास मिख," मला करू दे, आणि उभी राहिली.

मला वाटलं, आता ही जर्मनमध्ये काहीतरी छान बोलेल. तिने हात जोडले, डोळे मिटले आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं, म्हणजे कोकणात देवापुढे मांडतात ते मागणं, घातलं. गावाहून निघताना दर खेपेला बाबू भावोजी देवापुढे उभे राहून घालतात, अगदी तसं. कधी तिच्या कानात शिरलं आणि कुठे जपून राहिलं, देव जाणे.

"बा देवा रामेश्वरा, म्हाराजा! आज ह्या परमुलखात तुझी लेकरां तुझी याद करतत. ज्यांनी ह्या अन्न रांदल्यानी, त्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात प्रत्येक मागण्याला जमलेल्या सगळ्यांनी रुकार, म्हणजे होकार, द्यायचा असतो, नाहीतर ते देवापर्यंत पोचत नाही म्हणतात. त्या दालनात रुकार द्यायला माझ्याशिवाय होतं कोण? मी विचार करायच्या आत माझ्या तोंडून मोठ्याने गेलं, "व्हय म्हाराजा!"

"ह्या घराक आणि ह्या घरच्या देवाक सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या आवशीच्या जिवाक लागलेली काळजी दूर कर, आणि मी जंय जातलंय, थंय तू माझ्या वांगडा ये रे म्हाराजा!"

आईची काळजी दूर कर आणि मी जाईन तिथे माझ्यासोबत ये, हे मागणं ऐकून ह्या वेळी माझा आवाज फुटेना. सई थांबून राहिली, डोळे मिटूनच. आणि मग शेजारून, ग्रीक शिकवणाऱ्या त्या बाईंचा आवाज आला, वेडावाकडा, पण मनापासून, "व्हय म्हाराजा." त्यांच्या पाठोपाठ मीही म्हणाले. म्हणाले कसली, रडले. मुलांनी "आमेन" म्हटलं आणि सूप प्यायला घेतलं.

परतीच्या गाडीत सईने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपून गेली. घरी पोचल्यावर मी ह्यांना म्हटलं, "जाऊ दे तिला." ह्यांनी विचारलं, "कौल मिळाला?" मी म्हटलं, मिळाला, पण मलाच द्यावा लागला.

सई तिथे गेली, तीन वर्षं राहिली. तिने मला खरोखर इतके प्रश्न विचारले की मला पोथ्या काढून पुन्हा वाचाव्या लागल्या. काही उत्तरं सापडली, काही नाहीत. त्या बाईंना दर नाताळात मी पत्र पाठवत राहिले, त्या गेल्या तोवर. रामेश्वर त्या दिवशी गावात का बोलला नाही, ह्याचा खल मी कधी केला नाही. ज्याचं उत्तर मी आधीच ठरवून बसले होते, ते त्याने का द्यावं? मला फक्त एवढं ठाऊक आहे की त्या दुपारी एक परकी बाई माझ्यासाठी उपाशी बसली आणि माझ्या मुलीच्या तोंडून आमचं गाव बोललं. एवढ्या कृपेची माझी लायकी नव्हती, तरी ती झाली.

सई निघाली तेव्हा लोक विचारत, काळजी नाही वाटत? मी सांगायची, तिला देवाच्या हाती सोपवली आहे. बोलायला हे बरं वाटतं. पण खरं तर त्या टेबलापाशी उभं राहून, हात जोडून, माझ्या लेकीनेच मला त्याच्या हाती सोपवलं होतं.