आधी वेढे मोजायचे

रशीदभाईंच्या बायकोचा, शमाभाभींचा फोन आला तेव्हा मी बारावीच्या वर्गात फळ्यावर पेशीची आकृती काढत होतो. "सर, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता दीड महिना झाला. रशीदभाईंबद्दल लिहायचं तर मला माझ्या चुकीपासूनच सुरुवात करावी लागेल.

केडगावात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पंपाची जळालेली मोटार आली की आतली तार तोडण्याआधी ते तिचे वेढे मोजत आणि मोटारीच्याच अंगावर खडूनं आकडा लिहीत. कुणी घाई केली तर म्हणत, "आधी मोजायचं, मग तोडायचं. न्हाईतर बसा अंदाज करत." जुनं तांबं वितळायला जाई आणि त्याच सांगाड्यात तितक्याच वेढ्यांची नवी तार भरली जाई.

गेल्या वर्षी त्यांना हाडांतल्या मज्जेचा कॅन्सर निघाला. रोगाशी लढणारी प्रतिपिंडं ज्या पेशी तयार करतात, त्यांचाच. हे काय असतं, असं त्यांनी मला विचारलं, आणि मला तर शिकवायची हौसच! म्हटलं, या पेशी इतक्या राबतात की आत कचरा साचतो. मग त्या स्वतःचेच झिजलेले भाग मोडतात आणि निघालेला माल पुन्हा वापरतात, म्हणून वर्षानुवर्षं टिकतात. "म्हंजे माझंच दुकान की, सर!" ते खूश झाले. त्या भरात मी मोबाईलवर वाचलेलं एक वाक्यही सांगून टाकलं... उपाशी राहिलं की ही सफाई जोरात चालते.

रमजान नव्हता, तरी त्यांनी रोजे धरले. मला पत्ताच नाही. पुढच्या तपासणीला मी सोबत होतो. डॉक्टरांनी वजन केलं, पुन्हा एकदा केलं. "जेवता का नीट?"

"रोजे धरतो, साहेब. आतला कचरा जाईल म्हणून."

डॉक्टर भडकलेच. "औषधं चालू असताना? अहो, आजारी पेशीसुद्धा त्याच युक्तीनं तगून राहतात. उपाशी राहून त्या मरत नाहीत, तुमची ताकद तेवढी जाते. कुणी सांगितलं हे?"

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मोबाईलवर वाचलं," ते म्हणाले. आणि मी गप्प बसलो. रोजे त्याच दिवशी सुटले, तब्येत मात्र सावरली नाही. त्या उपासांनी किती बिघडवलं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला याची लाज वाटते, आणि भीतीही.

परवा दुकानात जाऊन मी भाभींना सगळं सांगून टाकलं. त्या शटरला हात टेकून ऐकत होत्या.

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलं हुतं. म्हणाले, सरांना कधी बोलू नको. घाबरले तर पुन्हा कुणाला काही समजावणार न्हाईत."

समोर बाकड्यावर रशीदभाईंनी शेवटची उघडलेली मोटार तशीच होती. तिच्या अंगावर खडूनं वेढ्यांचा आकडा लिहिलेला होता. तार अजून तोडलेली नव्हती.