श्रीपत मेश्रामच्या डब्यात काय होतं

गेल्या हिवाळ्यात लखनऊच्या विकास नगरातल्या आम्हा मराठी मंडळींत एक बातमी फिरत होती. श्रीपत मेश्रामचं कुठंतरी जमलंय.

"जमलंय म्हणजे काय, रोज जातो ना तिच्याकडे," असं नीलम वहिनी म्हणाल्या. त्या श्रीपतच्या समोरच्या घरात राहतात आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्याच्या फाटकावर उघडते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन. पुरावेही सज्जड होते. माणूस रोज दाढी करायला लागला होता. मफलरला इस्त्री. दुपारी घरातून व्हॅनिलाचा वास. आणि ऊन कलायला लागलं की हा हातात झाकलेला डबा घेऊन बाजाराकडे निघायचा, तो अंधार पडल्यावर परत.

"आणि येताना हसत असतो हो, भाऊजी! एकटाच!"

विधुर माणसानं एकट्यानं हसणं आमच्याकडे गुन्ह्यात जमा आहे.

आता हा श्रीपत म्हणजे मूळचा वर्ध्याचा. सरकारी नोकरीत बदली होऊन लखनऊला आला आणि इथंच रिटायर झाला. ऑफिसात दबदबा, आणि घरात पाण्याचा ग्लाससुद्धा हातात मिळायचा. तो देणारी त्याची बायको माया दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी पायल गुरुग्रामला, तिची अकरा वर्षांची अंतरा. माया गेल्यावर अंतरा एकदाच आली. दोन दिवस सोफ्यावर मोबाइल घेऊन बसली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मम्मा, घर चलो ना, यहाँ कुछ है ही नहीं." श्रीपत तेव्हा दारातच उभा होता.

म्हणून या खेपेला, थंडीच्या सुट्टीत येणार असं ठरल्यावर, त्यानं फोनवर आधीच विचारून घेतलं, "काय खाशील, पोरी? सांग."

"नानू, चॉकलेट चिप कुकीज़. बाहर से क्रिस्पी, अंदर से सॉफ्ट. पर घर वाली, दुकान की नहीं."

झालं. दुसऱ्याच दिवशी हा पठ्ठ्या हज़रतगंजला जाऊन ओव्हन घेऊन आला. ज्याला आयुष्यात चहापलीकडे काही येत नव्हतं, तो थेट कुकीज करायला निघाला. गुरू कोण, तर मोबाइलमधली एक बाई.

बाई म्हणाली मैदा. मायाच्या डब्यांवर नावं नव्हती. कुठल्या डब्यात काय, हे तिला हातानंच कळायचं. यानं पांढरं दिसलं ते पीठ घेतलं. ते निघालं तांदळाचं. तो डबा माया गेल्यापासून कुणी उघडला नव्हता. कुकीज हातात घेतल्या की वाळू व्हायच्या. पुढच्या वेळी मैदा दुकानातून आणला, पण बाईनं सांगितलेला चमचाभर सोडा यानं पोह्याच्या चमच्यानं घातला. त्यातली एक मला चाखायला आणून दिली. साबणाची वडी बरी. वर विचारतो, "कशी झाली, भाऊ?"

"खुसखुशीत आहे," मी म्हणालो. "अंघोळ करून बघतो."

तिसऱ्यांदा लोणी मऊ करायचं ते यानं गॅसवर पार पातळ करून ओतलं. ओव्हन उघडला तर सगळ्या गोळ्यांनी एकमेकांचे हात धरलेले. ट्रेएवढी एकच कुकी, कडेला काळी, मध्ये कच्ची. "अंदर से सॉफ्ट तर झाली," एवढंच समाधान. पोरगी यायला आठवडा राहिला होता आणि याच्या घरात तिला द्यायला अजून काहीच नव्हतं.

तेव्हा त्याला बाजारातली रईसची बिस्किटांची भट्टी आठवली. इकडे थंडीत लोक आपापला आटा, तूप, साखर घेऊन भट्टीवर जातात आणि समोर बसून बिस्किटं करून आणतात. श्रीपतला वाटलं, हे तर आपल्याकडचंच! वर्ध्याला दिवाळीच्या आधी त्याची आई नानकटाईचा ट्रे बेकरीत द्यायची, वर नावाची चिठ्ठी, आणि संध्याकाळी जाऊन आणायची. यानं तेच केलं. घरून गोळे करून नेले, डब्यावर 'मेश्राम' अशी चिठ्ठी लावली, डबा फळीवर ठेवला आणि घरी येऊन वामकुक्षी घेतली.

संध्याकाळी गेला तर डब्यात लांबट, रेघारेघांची बिस्किटं, आणि वर ओवा. कारागिरानं सगळे गोळे दुसऱ्या कुणाच्या आट्याबरोबर मळून मशीनमधून काढले होते. चॉकलेटचा नुसता रंग उरला होता.

"ये क्या किया, रईस मियाँ?"

"हमने क्या किया, बाबूजी? आप माल छोड़कर चल दिए! यहाँ कोई माल छोड़कर जाता है? बैठना पड़ता है. अपनी ट्रे पर नज़र रखिए, नहीं तो इनका घी उनके बिस्कुट में."

बाकावरच्या बायका हसल्या. एकीनं सरकून जागा केली. "कल आइए, भाई साहब. और अजवाइन वाले इधर दीजिए, हमारे यहाँ खा लेंगे."

दुसऱ्या दिवशी श्रीपत बसला. नंबर लागेपर्यंत बसला. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचा गुडघा, कुणाचा भाडेकरू, सगळं ऐकलं. मायाचंही विचारलं त्यांनी. त्यानं सांगितलं. कुणीतरी त्याला सांगितलं की गोळे थंड ठेवून आणा, म्हणजे पसरणार नाहीत. आणि अखेर त्या कुकीज झाल्या, बरं का. बाहेरून कडक, आत नरम. मी खाल्ली म्हणून सांगतो. माझी कवळी साक्षीला आहे.

त्याच रात्री त्यानं फोटो पाठवून पायलला फोन लावला.

"बाबा, मस्तच! पण ऐका ना, अंतराला स्कूलचा कॅम्प आलाय. सगळ्या मैत्रिणी चालल्यात, ती ऐकतच नाहीये. आता उन्हाळ्यात नक्की, हाँ?"

मागून अंतराचा आवाज आला, "नानू, कूरियर कर दो ना, प्लीज़!"

"हो, करतो ना," श्रीपत म्हणाला.

त्यानं केलंही. डबा पोचला तेव्हा निम्म्याचा चुरा झाला होता. अंतरानं अंगठ्याचं चित्र पाठवलं.

आम्हाला वाटलं, संपलं आता याचं बेकिंग. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दाढी, पुन्हा मफलर, पुन्हा डबा. नीलम वहिनींनी मग ती बातमी सोडली आणि ती हां हां म्हणता कॉलनीभर झाली. शेवटी मीच एका संध्याकाळी फिरायला निघाल्याचं दाखवून त्याच्या मागं गेलो.

भट्टीपुढच्या बाकावर श्रीपत दोन बायकांच्या मधे बसला होता. हातात चहा. एकीला पेन्शनचा फॉर्म समजावून देत होता. कारागिरानं त्याचा ट्रे पुढं घ्यायला हात घातला, तर हा घाईघाईनं म्हणाला, "अरे नहीं, पहले इनका कर दो. मुझे कोई जल्दी नहीं."

मला पाहून जरा ओशाळला.

"काय रे श्रीपत, इतक्या कुकीज खातं कोण?"

"कोणी नाही, भाऊ. इथंच वाटून टाकतो."

"घरी तो नवा ओव्हन आहे ना?"

"आहे ना. चांगला चालून राहिला."

मी परत आलो आणि नीलम वहिनींना खरं ते सांगितलं. त्यांची जरा निराशा झाली. बाई कुणी नव्हती. भट्टीवर नंबर लागायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ शेजारी माणसं असतात, म्हणून श्रीपत तिथं जात होता.