मामा रेहेमाचं भोपळ्याचं भांडं

सुट्टी मागितली तेव्हा साहेबानं विचारलं, "लग्न ठरलं का तुझं?" मी म्हणलो, "न्हाई. पंपाचे पैसे जमवायला गावाकडं जातो."

मी टांझानियात बोअरच्या मशीनवर काम करतो. शिक्षण सातवी नापास, चुका निघाल्या तर सांभाळून घ्या. कॅम्पाशेजारच्या खेड्यात आम्ही बोअर पाडला, पाणीबी चांगलं लागलं. पण हातपंपाचा अर्धा खर्चा गावानं भरायचा असं ठरलं होतं आणि त्या खेड्याकडं पैसाच नव्हता. मंग बोअरच्या तोंडावर लोखंडी झाकण बसवलं. बाया रोज त्या झाकणाशेजारून घागरी घेऊन लांबच्या ओढ्याला जायच्या. त्यातली रेहेमा मला जेवू घालायची. कॅम्पात माझी भाषा बोलणारं कोणी न्हाई, म्हणून संध्याकाळी तिच्या चुलीजवळ नुसता बसून राहायचो. निघताना तिनं वाळल्या भोपळ्याचं भांडं शेंगांनी भरून दिलं, आईसाठी.

दार-ए-सलामहून विमानानं मुंबई, तिथून रेल्वेनं जालना. कोणी आमच्याकडं निघालात तर भोकरदनची एसटी स्टँडातूनच धरा, बाहेर जागा मिळत न्हाई. भोकरदनला भजे खाऊन घ्या, कारण पिंपळगाव रेणुकाईची काळी-पिवळी जीप गच्च भरल्याशिवाय हलत न्हाई. वीस रुपये घेते. रस्ता असा की भांड्यातल्या शेंगा गावापर्यंत वाजत आल्या.

घरी माझ्या खाटंवर सोयाबीनची पोती होती. दोस्त पुण्याला कंपनीत गेल्ते. गाव माझंच, पण पारावर बसलो तर बोलायला काही सुचंना.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या भोंग्यावरून मदत मागितली. पारावरून किसनतात्या म्हणले, "परदेशात कमावतो आन् वर्गणी हितं मागतो? गावात टँकर येऊन राह्यला, ते दिसंना का तुला?" लोक हसले. त्यांचंबी बराबर होतं. खाली मान घालून घरी आलो.

आई भांडं पुसत होती. "हे परत न्यायचं ना? मंग रिकामं कसं नेशील?"

आमच्याकडं कोणाचं भांडं रिकामं परत करत न्हाईत, चिमूटभर साखर का होईना घालतात. आईनं पदर खोचला आणि भांडं घेऊन घरोघरी निघाली. मी मागं पोतं घेऊन. दारात एवढंच म्हणायची, "माझ्या लेकराला भाकर घालणारीचं भांडं हाय."

"नाव काय बाईचं?" चुलतीनं विचारलं.

"तिकडं मामा रेहेमा म्हणतात. मामा म्हंजे आई."

"बाईला मामा? मंग मामाला काय म्हणत असतील बाई?" हसत हसत तिनं भांडं ज्वारीनं काठोकाठ भरलं.

मी ते पोत्यात ओतायचो, की पुढचं दार. तात्याच्या घराशी मी मागं राह्यलो, आई थांबली न्हाई. तात्या स्वतः सूप भरून घेऊन आले. "टँकरचं म्हणलो ते म्हणलोच. भांड्याची गोष्ट येगळी."

ज्वारी भोकरदनच्या बाजारात विकली, कमी पडलं ते माझ्या पगारातून घातलं. जाताना आईनं भांडं शेवटचं ज्वारीनं भरून तोंडाला फडकं बांधलं.

तिकडं झाकण कापलं, पंप बसला. आधी गढूळ पाणी आलं, मंग नितळ. बाया पाळीनं पंप हापसत होत्या. रेहेमानं फडकं सोडून भांड्यात हात घातला आणि मला हाताला धरून घरामागं नेलं. तिच्या रानात ज्वारीच उभी होती. पोट धरून हसली. मंग दाणे टोपलीत ओतले, भांडं धुतलं आणि खुंटीला टांगलं. तिच्या लेखी देणंघेणं पुरं झालं.

त्याच आठवड्यात मशीन दुसऱ्या जिल्ह्यात हललं. पुन्हा त्या गावाला जायला काहीच कारण उरलं न्हाई.

आता नव्या कॅम्पात, पत्र्याच्या खोलीत बसून लिहितोय. सध्या हेच घर. दुपारचं जेवण कागदात बांधून नेतो. स्टीलचा डबा होता माझा, आईनं दिलेला. तो निघताना मी रेहेमाच्या चुलीजवळ मुद्दाम ठेवून आलो.