बोटभर राहिलेली चढाई

आमच्या हिंगोलीत जिंकलेली मॅच कुणाला आठवत नाही. कॉलेजनं कबड्डीत दोन-तीनदा ढाल आणली होती. ती कुणाला हरवून आणली, हे विचारा; कुणी सांगणार नाही. पण आमच्याच मैदानावर परभणीच्या संघाशी हरलेली ती एक फायनल मात्र बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आजही दर आठवड्याला नव्यानं खेळली जाते. खेळणारे सगळे साठीच्या आसपासचे. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाची साखर वाढलेली. चहा बिनसाखरेचा मागवतात, टेबलावर चमचा आडवा ठेवतात, ती मध्यरेषा, आणि सुरू होतात.

मी त्या संघात होतो. राखीव गडी. म्हणजे पाठीवर नंबर होता आणि काम पाण्याची बादली सांभाळायचं होतं. तरीही या हॉटेलात माझ्या बोलण्याला किंमत नाही. "तू खाली बसला व्हतास, तुला काय दिसणार," असं मला सांगतात. सांगणारा आमचा खताच्या दुकानाचा मालक. तो कधी गल्लीतही कबड्डी खेळला नाही, पण त्या दिवशी मैदानाच्या कडेला सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा तोच होता, आणि तेवढ्या भांडवलावर त्यानं अख्खी मॅच आपल्या नावावर करून घेतली आहे.

झालं होतं असं. शेवटची चढाई, आम्ही एका गुणानं मागं. चढाईला गेला माझा मित्र, संघातला सगळ्यात चपळ गडी. त्यानं आत जाऊन दोघांना टिपलं. परतून मध्यरेषेला हात लावला असता तर आम्ही जिंकलो असतो. पण वळताना कोपऱ्यातल्या गड्यानं त्याचा घोटा धरला आणि बाकीचे सगळे अंगावर पडले. धूळ उठली. त्या ढिगाऱ्यातून एक हात रेषेकडं सरकत आला, शिट्टी वाजली, आणि पंचानं तो बाद दिला. हात पोचला होता की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मी रेषेच्या अगदी जवळ बसलो होतो आणि मला फक्त माती दिसली. पन्नास हात लांबून बघणाऱ्यांना मात्र हात बोटभर अलीकडं राहिलेला स्पष्ट दिसला.

लोकांनी आधी पंचाला शिव्या दिल्या. पण पंच जीपमध्ये बसून निघून गेला, मग शिव्या द्यायला घरचं माणूस लागलं. आदल्या दिवशी, सेमीफायनल जिंकल्यावर, याच लोकांनी माझ्या मित्राला खांद्यावर घेऊन बाजारातून मिरवलं होतं. तेव्हा तो सगळ्यांचा वाघ होता. हरल्यावर तो कोणत्या वस्तीत राहतो, हे सगळ्यांना एकदम आठवलं. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव 'बोटभर' पडलं होतं.

पुढं तो एसटीत कंडक्टर लागला आणि बरीच वर्षं हिंगोली-कळमनुरी गाडीवर होता. म्हणजे चाहत्यांची सोयच झाली. गाडीत चढताना एकजण तरी बोट वर करायचाच. "कंडक्टर, बोटभर सरका की हो पुढं!" सगळी गाडी हसायची. तोही हसायचा आणि तिकीट द्यायचा. "काय खिलाडू माणूस हाय," असं हे लोक उतरताना म्हणायचे. अंगावर सरकारी खाकी असताना प्रवाशाच्या थोबाडीत देता येत नाही, म्हणून तो हसायचा. मला हे ठाऊक आहे, कारण त्याच्याऐवजी माझा हात शिवशिवायचा.

त्याची पोरगी शाळेच्या कबड्डी संघात निवडली गेली, तेव्हा त्यानं तिला खेळायला पाठवलं नाही. मुलींनी खेळू नये असं मानणारा तो नव्हता. याच पोरीला त्यानं नर्सिंग शिकायला नांदेडला एकटं ठेवलं. मी त्याला विचारलं, काहून रे? तो म्हणाला, "खेळाचं काही न्हाई. मैदानाच्या भोवताली माणसं उभी ऱ्हातात ना."

गेल्या वर्षी तो आजारी पडला. नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. हिंगोलीहून गाडी करून चाहते भेटायला आले. माणुसकीला आमच्याकडं तोटा नाही. नाकात नळी, हाताला सलाईन, आणि खतवाला खाटेच्या कडेला टेकून त्याला धीर देऊ लागला. "घाबरू नको गड्या. तुझी झुंज आमी पाहिलेली हाय. त्या दिवशी फक्त अजून बोटभर ताणलं असतंस..." आणि त्यानं चादरीवर बोटानं रेघ ओढून दाखवली. मित्रानं डोळे मिटले. झोप लागली असं समजून मंडळी हळूच पाय न वाजवता बाहेर गेली. त्याची बायको स्टुलावर बसली होती. तिनं ती चादर हातानं सारखी केली.

महिनाभरानं तो गेला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याची बायको मला म्हणाली, "भाऊजी, एक काम करा. जलदानाच्या दिवशी लोकं भाषणं करतीन. त्या मॅचचं कोणाला काढू देऊ नका. दुसरं काही मागत न्हाई मी."

मी हो म्हणालो. बाईनं माझ्याकडं आभाळातला चांद मागितला असता तर सोपं गेलं असतं. आमच्याकडं माणूस मेला की आधी माइक येतो. जिवंतपणी ज्याच्याशी दोन शब्द बोलायला वेळ नव्हता, त्याच्यावर अर्धा तास बोलणारे रांगेत उभे असतात. तरी मी एकेकाला गाठलं. खतवाला तर दुखावलाच. "काय बोलता राव! येवढी अक्कल न्हाई का आमाला? दुःखाचा प्रसंग हाय." कॉलेजातून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकानं विचारलं, "ओझरता उल्लेख चालेल का?" मी नाही म्हटलं. त्याचं तोंड उतरलं. भाषण लिहून झालं असावं. पण शेवटी सगळ्यांनी शब्द दिला, आणि मीही मूर्खासारखा तो घेऊन घरी आलो.

जलदानविधीला वस्तीत त्याच्या घरासमोर मांडव घातला होता. कंडक्टरच्या वेषातला फोटो, हार, मेणबत्त्या. बौद्धाचार्यांनी त्रिसरण, पंचशील घेतलं. त्याची बायको आणि पोरगी पहिल्या ओळीत पांढऱ्या साड्यांत बसल्या होत्या. त्याच्या डेपोतले एक ड्रायव्हर बोलले. एकदा एका बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायला त्यानं गाडी कशी वाकड्या वाटेनं न्यायला लावली, ते त्यांनी सांगितलं आणि खाली बसले. चांगलं बोलले. मला वाटलं, निभावलं.

मग खतवाला उठला. हॉटेलात इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी कधी न ऐकलेला 'जय भीम' त्यानं माइकवर तीनदा घातला. आणि म्हणाला, "मी शब्द दिलेला हाय. त्या मॅचबद्दल मी एक अक्षर बोलणार न्हाई."

लोक सरसावून बसले. मी ओळखलं, गेलं.

"पण आज खरं सांगितलं न्हाई तर मला पाप लागंल. त्याचा हात टेकला व्हता! रेषेच्या पार गेला व्हता! मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. आपल्या वाघाला पंचानं फसवलं!"

टाळ्या पडल्या. जलदानाच्या मांडवात टाळ्या. मी मागून दोन्ही हात हलवून नको नको करत होतो. त्याला वाटलं, मी दुजोरा देतोय. त्यानं मग घोटा धरणाऱ्या गड्यापासून सुरुवात केली आणि सगळी चढाई पुन्हा करून दाखवली, माइकच्या वायरीत पाय अडकेपर्यंत. त्यानंतर प्राध्यापक. त्यांचा ओझरता उल्लेख वीस मिनिटं चालला. हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होण्याची ठिणगी त्या मैदानावर पडली, असा त्यांचा सिद्धांत निघाला. तिसऱ्यानं सांगितलं की हात टेकलेला त्यानंही पाहिला होता. चौथ्यानंही. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते काही खोटं नाही. हीच तोंडं, हाच मित्र, आणि गाडीच्या दारात वर केलेली हीच बोटं. मला इतका राग आला की माइकची वायर उपटावी असं वाटलं.

चौथा बोलून झाल्यावर मित्राची बायको उठली. बाई भाषण करेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. बौद्धाचार्यांनी माइक पुढं केला, तिनं तो घेतला नाही. ती खतवाल्याकडं वळून साध्या आवाजात म्हणाली,

"भाऊ, हात टेकलेला तुमाला तवाच दिसला व्हता?"

"व्हय वहिनी," खतवाला छातीवर हात ठेवून म्हणाला. "आईची आण घेऊन सांगतो. चक्क दिसला."

"मंग त्यायला सांगितलं काहून न्हाई?"

खतवाला हसल्यासारखं करून प्राध्यापकांकडं बघू लागला. प्राध्यापकांनी चष्मा काढला.

"तुमी बसायचे त्याच गाडीवर व्हते ते रोज," ती म्हणाली. "दवाखान्यात तुमी उशाशी बसला व्हता. येकदा सांगायचं. मला म्हणायचे, येवढे लोक म्हणून राहिले म्हंजे नसंलच टेकला माझा हात. शेवटपस्तोर त्यायला तेच वाटत व्हतं."

पोरीनं तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. मग कुणीतरी मागून, जेवणाची तयारी झाली आहे, सगळ्यांनी जेवूनच जावं, असं जाहीर केलं आणि सगळे घाईनं उठले.

पंगतीत खतवाला माझ्याच शेजारी आला. थोडा वेळ भात कालवत राहिला, मग माझ्या कानाशी लागून म्हणाला, "वहिनीचं मन थाऱ्यावर न्हाई सध्या. दुःखात माणूस बोलून जातं. मनावर घ्यायचं न्हाई आपण."

"तिनं तुला विचारलंय," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता आणि समोरच्या ओळीतले लोक वर बघत होते. "उत्तर दे."

त्यानं वाढप्याला हाक मारली आणि वरण मागितलं.