केंद्रकात नव्हे, भिंतीत

प्रयोगशाळेत तिला सगळे गोचीड म्हणत, आणि तेही तोंडावर. एकदा चिकटली की सुटायची नाही. तिला त्याचा राग येत नसे. उलट कुणी नावाने हाक मारली, तर ‘आज काय काम काढलंय?’ म्हणून संशयाने बघायची.

टोमॅटोची पानं आकसवून पिवळी पाडणाऱ्या एका विषाणूवर तिथे काम चाले. त्याचं एक प्रथिन अगदीच पिटुकलं होतं. ते आजारी पेशीत नेमकं कुठे बसतं हे कळलं, तर करतं काय याचा अंदाज येणार होता. तिच्या आधीच्या संशोधकाने त्याला हिरवं चमकणारं दुसरं प्रथिन जोडलं. मायक्रोस्कोपखाली पेशीचं केंद्रक हिरवंगार उजळलं. झालं, मुक्काम सापडला! शोधनिबंध तयार झाला, संशोधक दुसऱ्या नोकरीवर गेला आणि उरलंसुरलं काम गोचिडीकडे आलं.

तिने खात्री म्हणून नुसतं चमकणारं प्रथिन पेशीत सोडून पाहिलं. तेही केंद्रकात जाऊन उजळलं. ती तशीच उठून विभागप्रमुखांकडे गेली.

“सर, जोडलेलं चमकणारं प्रथिन आपल्या प्रथिनापेक्षा कितीतरी मोठं आहे,” ती म्हणाली. “कोण कुणाला ओढून नेतंय, कसं सांगायचं?”

सरांनी कपाळाला हात लावला. “सगळं जमत आलं आणि आताच माशी शिंकली?”

“आता शिंकली ती घरातल्या घरात. छापून आल्यावर शिंकली तर?”

सर कॅलेंडरकडे वळले. “हिवाळा संपेपर्यंत थांबतो. मग निबंध पाठवणार.”

तिने प्रथिनाला काही जोडायचंच नाही असं ठरवलं. त्याला ओळखून चिकटणारं सीरम सशाच्या रक्तातून बनवून घेतलं. सीरम जिथे चिकटेल तिथे ठिपके दिसावेत म्हणून त्याला सोन्याचे अतिसूक्ष्म कण लावले. पण रोगी पानाच्या पातळ कापावर ते ठिपके सगळीकडे दिसले, आणि निरोगी पानावरही! सीरम आल्यागेल्याला मिठी मारत होतं.

“सोनं? पानाला लावलंस?” घरी हे ऐकून सासूबाईंनी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली. “आणि माझ्या बांगडीचा टाका कधीचा तुटलाय!”

“डोळ्यांना दिसत नाही एवढंसं असतं हो ते.”

“दिसत नाही त्याच्या मागे धावायचं, आणि दिसतोय तो पसारा तसाच.” मग तिचा उतरलेला चेहरा पाहून त्या म्हणाल्या, “सोडू मात्र नकोस. अर्धवट सोडून घरी बसलीस तर आमचंच डोकं खाशील.”

तिने निरोगी पानांचा रस काढला आणि सीरम त्यात मुरवलं. भलतीकडे चिकटणारे घटक रसातच अडकले, ते गाळून टाकले. निरोगी पान आता स्वच्छ दिसलं. पण रोगी पानही स्वच्छ! काप टिकवायचं रसायन इतकं जहाल होतं की प्रथिनाची ओळखच पुसली जात होती. तिने ते सौम्य केलं. काप फाटायला लागले. पुन्हा थोडं वाढवलं. सहकाऱ्यांनी विचारणंच सोडून दिलं.

हिवाळा सरता सरता एका सकाळी पडद्यावर रोगी पेशीचं केंद्रक कोरं दिसलं. ठिपके होते ते पेशीच्या भिंतीत, एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाणाऱ्या बारीक वाटांच्या तोंडाशी, दाटीवाटीने.

तिने सरांना बोलावून आणलं.

“रोगी कुठला, निरोगी कुठला, मला सांगू नकोस,” ते म्हणाले. तिने काप मिसळून दिले. सरांनी एकेक पाहून दोन ढीग केले. एकही चुकला नाही.

“ते वाट मोकळी करत असेल, विषाणूला पुढे सरकायला,” सर हळूच म्हणाले.

“असेल. पण आत्ता ते कुठे आहे एवढंच कळलंय.”

सरांनी निबंध बाजूला ठेवला. आधीच्या संशोधकाला मात्र तिने स्वतः फोन केला. केंद्रक कोरं निघाल्याचं सांगितलं.

“माझं नाव पहिलं होतं त्यावर,” तो म्हणाला.

“अजूनही असेल. नव्या निबंधात तुझंही काम आहे.”

“बरं झालं, छापण्याआधी कळलं,” तो म्हणाला आणि लगेच, “काप किती जाडीचे घेतलेस?” असं विचारत कागद-पेन शोधू लागला.