मिरचीच्या फांदीला जाळीचा बटवा: मालवणच्या मळ्यातले चार दिवस

१३ जानेवारी २०२५, सोमवार, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर मालवणच्या गाडीची वाट बघत मी पिशवीतले जाळीचे बटवे पुन्हा एकदा मोजत होतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण घालून देतात तेच हे बटवे, दोऱ्या ओढून तोंड बंद होणारे. दुकानदाराने विचारलं होतं, "घरी किती बायका येणार?" मी म्हटलं, "बायका नाहीत, मिरच्या."

झालं होतं असं. माझी मावशी मालवणच्या आत, रिक्षाने अर्ध्या तासाच्या अंतरावरच्या गावात राहते. भात कापून झालं की त्याच मळ्यात ती मिरची लावते. तिची ही गावठी मिरची लांबट, पातळ सालीची, खांद्याशी सुरकुतलेली. तिखटाला बेताची, पण रंग असा की चमचाभर पुडीत रस्सा लालभडक होतो. देवबागची एक खानावळ वर्षभराची पूड तिच्याकडूनच घेते आणि मावशीच्या घराला हक्काचे पैसे मिळतात ते तेवढेच. गेल्या हंगामात मात्र तिने स्वतः राखलेल्या बियाण्यातून निम्मी झाडं भलतीच निघाली. काहींच्या मिरच्या जाड, काहींच्या नुसत्याच जहाल. पूड फिकी झाली. यंदाही तेच दिसायला लागल्यावर आईच्या फोनवरून मावशी मला म्हणाली, "आता सात झाडां उरली आसत आपल्या मिरसांगेची. तू रोपवाटिकेत काम करतंस मां? मगे ये आणि काय ता बघ."

दहावीनंतर माझी शाळा सुटली. रोपवाटिकेतच जे शिकलो ते शिकलो. पण बियाणं कसं राखायचं एवढं मला नीट येतं, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

ज्यांना या वाटेने जायचंय त्यांच्यासाठी: गाडी गगनबावड्याहून घाट उतरून वैभववाडीमार्गे तळेऱ्याला महामार्गाला लागते. मळमळत असेल तर डावीकडची खिडकी धरा आणि घाट संपेपर्यंत काही खाऊ नका. तळेऱ्याला गाडी थांबते, तिथे चहा आणि गरम वडा मिळतो. पुढे कणकवली, कसाल आणि मग मालवणचा फाटा. कसालनंतर हवा बदलते. स्वेटर काढून पिशवीत कोंबावा लागतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजूच्या बागा लागतात. मालवणला उतरलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. रिक्षावाल्याने अडीचशे सांगितले. घासाघीस करून बघितली. तो म्हणाला, "येताना रिकामी येवची लागता हो." ते खरंच होतं, म्हणून दिले.

मावशीच्या घरी पेज, कुळथाची पिठी आणि भाजलेला बांगडा तयार होता. हात धुतो न धुतो तोच मावशीचे यजमान, आमचे तात्या, मला मळ्यात घेऊन गेले. तात्यांनी आयुष्यभर मासेमारी केली. आता होडी मुलगा बघतो आणि तात्या जाळी विणतात, दुरुस्त करतात.

"कित्याक इलंस रे घाट्या येवढ्या लांब?" ते म्हणाले. "हय सगळो बंदोबस्त झालो आसा."

बंदोबस्त म्हणजे बांबू रोवून सातही झाडांवर टाकलेलं मासेमारीचं जाळं. चारी बाजूंनी दगड ठेवून घट्ट बसवलेलं. काम सुबक होतं, यात वाद नाही. मिरच्यांची भेसळ मधमाश्या करतात हे मावशीकडून त्यांना कळलं होतं आणि मधमाशीला अडवायची म्हटल्यावर त्यांच्या हाताला जे येतं ते त्यांनी केलं होतं.

"ह्या जाळ्यातसून बारको मासोसुद्धा सुटना नाय," तात्या म्हणाले.

मी बांधावर उकिडवा बसलो आणि त्यांनाही बसवलं. थोड्याच वेळात एक बारीक मधमाशी आली, जाळ्याच्या दोऱ्यावर बसली, चालत चालत भोकाच्या कडेला गेली आणि आत उतरली. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर गेली. मग आली तशीच बाहेर पडून शेजारच्या वाफ्यात गेली.

तात्या म्हणाले, "ता डांस असतला."

"तात्या, डासाच्या पायाला पराग चिकटलेला नसतो."

"तुझे डोळे बरे आसत," असं म्हणून ते उठले आणि दगड बाजूला करायला लागले.

शेजारचा वाफा रेखावैनींचा. त्यांच्याकडे बाजारात चालणारी लांब हिरवी मिरची. मधे फक्त पाय ठेवण्यापुरता बांध. इथेच सगळी गोम होती. मिरचीचं फूल बहुतेक वेळा स्वतःचं स्वतः फळतं, पण मधमाशी दुसऱ्या जातीचा पराग घेऊन आली तर बियात मिसळण होते. कठीण भाग असा की त्या वर्षी काहीच कळत नाही. मिरची दिसते ती मूळ झाडासारखीच. फरक असतो तो आतल्या बीमध्ये, आणि तो दिसतो पुढच्या हंगामात, ते बी पेरून झाडाला मिरच्या लागल्यावर. मावशी दरवर्षी सगळ्यात देखणी लाल मिरची बियाण्याला ठेवायची. तिचं काहीच चुकत नव्हतं. फक्त देखणी मिरची शुद्ध असतेच असं नाही.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. ऊन चढायच्या आत मी कामाला लागलो. कुणाला घरी करायचं असेल तर पद्धत सांगतो. निरोगी झाडाची कळ्यांनी भरलेली फांदी निवडायची. त्या फांदीवरची उमललेली फुलं आणि आधीच धरलेल्या मिरच्या काढून टाकायच्या, कारण त्यांच्यावर मधमाशी बसून गेली की नाही हे आपल्याला सांगता येत नाही. फक्त मिटलेल्या कळ्या ठेवायच्या. मग फांदीवर बटवा चढवायचा आणि तोंडाशी, देठाभोवती थोडा कापूस गुंडाळून दोरी बांधायची, म्हणजे मुंगीसुद्धा आत जात नाही. रोज सकाळी फांदी हलकेच हलवायची. आत वारा कमी लागतो, तेव्हा पराग आपणच झटकून द्यावा लागतो. मिरची धरली की बटवा काढायचा, पण त्याआधी त्या मिरचीच्या देठाला लाल दोरा बांधायचा. बी फक्त दोऱ्याच्या मिरचीचं, तेही ती झाडावरच पूर्ण लाल होऊन सुकायला लागल्यावर. मोठ्या फांद्यांसाठी मी जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवून नेल्या होत्या, त्या उत्तम चालल्या.

पहिल्या फांदीवरची फुलं खुडायला लागलो तशी मावशी धावत आली.

"रे झिला, फुलां काढू नको! एक फूल म्हणजे एक मिरसांग. माझी पूड तोडून टाकतंस तू!"

"मावशी, प्रत्येक झाडाच्या दोनच फांद्या घेतोय. बाकीच्या तुझ्याच."

"आणि ह्या धरलेल्या? ह्यो तर मोठ्यो झाल्यो."

"या भाजीत घाल. बियाण्याला नकोत."

ती पदरात मिरच्या गोळा करत राहिली आणि मी खुडत राहिलो. पाचव्या झाडाशी तिने माझा हात धरला. तिथे एक मिरची नुकती धरली होती, अगदी घडवल्यासारखी. "ही तरी ठेव." मला खरंच वाईट वाटलं, पण ठेवली नाही. एका संशयाच्या बीने वर्षभराचं काम फुकट गेलं असतं. मिरची मी तिच्या हातात दिली. तिथून पुढे फांद्या तीच धरत होती आणि मी दोऱ्या बांधत होतो.

तेवढ्यात रेखावैनी तिळगूळ घेऊन आल्या. बटवे घातलेली झाडं बघून बांधावरच थांबल्या.

"गो वैनी, मिरसांगेचा लगीन ठरला काय? पडदो कित्याक?"

"तुझ्या मिरसांगेची नजर लागता म्हणान," मावशी म्हणाली.

"माझी मिरसांग काय वायट चालीची आसा?"

"तुझी नाय गो. मधमाशी वायट चालीची."

दोघी खो खो हसल्या. मी मात्र एक दोरी पुन्हा सोडून पुन्हा बांधली, कारण हसताना हात सैल पडला होता.

बुधवारी मावशी मला देवबागला घेऊन गेली. मालवणहून एसटी जाते आणि रस्ता पुढे पुढे इतका अरुंद होतो की एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळू, माड आणि घरं. होड्या, पाण्यातले खेळ, राहायच्या खोल्या हे सगळं तिथे आहे आणि शनिवार-रविवारी गर्दीही. मधल्या वारी गेलात तर निवांत. सुरमईची थाळी महाग पडते. बांगड्याची घ्या, चवीला कमी नाही.

खानावळीच्या मालकांनी आम्हाला आधी जेवू घातलं. पैसे मात्र मी दिले, मावशी देऊ देत नव्हती तरी दिले. मग ते समोर येऊन बसले.

"वैनी, पावणे म्हणतत, गेल्या टायमाक रस्सो लाल होतो, आता पिवळो कित्याक? माका दर वर्सा एकच चव होयी. फुडल्या वर्सा जमला नाय, तर माका मालवणातसून तयार मसालो घेवचो लागतलो."

"आणि जमला तर?" मावशीने विचारलं.

"जमला तर आत्तापेक्षा दुप्पट द्या. खोल्यो वाढल्यो आसत."

मावशीने मान हलवली. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो. सात झाडांचं बी, दोन वाफे. दुप्पट कुठून होणार?

परतीच्या एसटीत मी तिला माझा बेत सांगितला. दोऱ्याच्या मिरच्यांचं बी राखेत घोळून, डब्यात घालून कपाटात कुलपात ठेवायचं. गावात कुणाला द्यायचं नाही. कारण गावची रीत अशी की ज्याच्याकडे रोपं जास्त तो शेजाऱ्याला देतो आणि नाही म्हणणं शोभत नाही. त्या देण्याघेण्यातूनच मळ्यात इतक्या जाती आल्या होत्या.

मावशी खिडकीतून बाहेर बघत ऐकत होती. मग म्हणाली, "मी अर्धा बी रेखाक देतलंय."

मला वाटलं, मी नीट सांगितलं नाही. पुन्हा सगळं समजावलं.

"कळला रे माका. तिचे चार वाफे, माझे दोन. मधमाशी काय बांध बघता? तिच्या वाफ्यात पण हीच मिरसांग आसली, तर माशी खंयसून खंय गेली तरी माझा काय वायट होता?"

तिचं बरोबर होतं. मिसळण दोन जातींत होते. दोन्हीकडे एकच जात असेल तर मधमाश्यांनी खुशाल फिरावं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण शेजारी बदलता येतो हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"पण उद्या त्या स्वतःच खानावळीला विकायला लागल्या तर?"

"विकू दे. त्येका दुप्पट होयी. येकटीची माझी पुरणा नाय."

"आणि त्यांच्या हिरव्या मिरचीचं काय?"

"हीच हिरवी असताना तोडून बाजारात न्हेयत. ती काय कोण खाणा नाय?"

संध्याकाळी ती बांधावरूनच रेखावैनींशी बोलली. वैनींनी लगेच हो म्हटलं नाही. "लाल होयसर थांबूचा लागता. तवसर माझ्या घरात पैशे खंयसून येतले?" अर्धी तोड हिरवी आणि अर्धी लाल, असं बराच वेळ चाललं. तात्या मधेच म्हणाले, "आणि माझा जाळा?" दोघींनी एकदम सांगितलं, "ता समुद्रात न्हे." शेवटी वैनी म्हणाल्या, "बरा. एक वर्स बघतंय." गुरुवारी त्यांच्याच यजमानांनी मला मोटरसायकलवरून मालवण स्टँडला सोडलं.

हे सगळं लिहायला मी वर्षभर थांबलो, कारण बियाण्याच्या बाबतीत निकाल आल्याशिवाय बोलण्यात अर्थ नसतो. जानेवारीअखेर मावशीचा फोन आला, मिरच्या धरल्या, दोरे बांधले. दोन बटव्यांत काहीच धरलं नाही, तिथे फांदी हलवायची राहून गेली होती. एप्रिलमध्ये बी निघालं. दसऱ्याला दोघींनी पेरलं. रोपं एकाच वाफ्यात वाढवून मग वाटून घेतली, रीतीप्रमाणे. परवा फोटो आला: सहा वाफे, सगळीकडे लांबट, खांद्याशी सुरकुतलेल्या मिरच्या. तीन झाडं वेगळी निघाली. जुन्या भेसळीचा अंश एका वर्षात पूर्ण जात नाही. ती तीन रेखावैनींनी स्वतः उपटली आणि मग मावशीला सांगितलं. खानावळीची मागणी दोघींच्या नावाने लिहून घेतली आहे.

खर्च: एसटी जाऊन-येऊन पाचशे, रिक्षा अडीचशे, देवबागची एसटी ऐंशी, दोन थाळ्या अडीचशे, बटवे आणि कापूस दोनशे वीस. एकूण तेराशे रुपये.

देणं: मे महिन्यात आईबरोबर मावशीने मला या बियाची एक पुरचुंडी पाठवली. किती पैसे पाठवू म्हणून विचारलं तर म्हणाली, "पैशे धाडू नको. बी न्हेलंस, बीच परत दी. आणि तुझ्या परसात त्या पाच जातीच्यो मिरसांगो आसत मां, त्यांच्यापासून राखलेला होया." तेव्हा एक पुरचुंडी बी, शुद्ध, एप्रिलअखेर. आज सकाळी परसात, त्याच बियाच्या झाडाच्या पहिल्या फांदीवर बटवा चढवला.