पाण्यातला गणपती आणि आमची टीम

गेल्या वर्षी आमची टीम हरली. एखाद-दुसरा सामना नव्हे, सगळा सीझनच हरली. आमची म्हणजे शिकागोची, बेसबॉलची. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही साताऱ्याकडचे. ही टीम तुमची कशी काय?" मी म्हटलं, "तुझी बायको नागपूरची. ती तुझी कशी काय?"

मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीत बसलो होतो, पण मास्तरांचं आणि माझं पटेना. दोघांपैकी एकानं शाळा सोडायची वेळ आली, तेव्हा मी मोठेपणा घेतला. पुढं सगळी हयात ट्रक चालवला. बायको गेल्यावर मुलानं मला इथं नेपरव्हिलला आणलं. मला इंग्रजी येत नाही असा घरातल्यांचा समज आहे. मला येतं. ऐकणाऱ्याला कळत नाही, ती गोष्ट वेगळी.

शेजारच्या घरात एक गोरा म्हातारा एकटा राहतो. पहिल्याच उन्हाळ्यात मी पायरीवर बसलो होतो आणि तो गवत कापत होता. मशीन बंद करून आला, काहीतरी विचारलं. मला एवढंच कळलं की 'काम काय करायचास' असं विचारतोय. मी हवेत स्टेअरिंग फिरवून दाखवलं, मोठं, ट्रकचं. तो बघतच राहिला. मग त्यानंही तसंच स्टेअरिंग फिरवलं आणि वर हात नेऊन दोरी ओढल्यासारखा हॉर्न वाजवला. तोही जन्मभर ट्रकच चालवलेला! त्या दिवसापासून तो मला 'ड्रायव्हर' म्हणतो आणि मी त्याला 'ड्रायव्हर'.

त्याच्या गॅरेजात भिंतीला टीव्ही, दोन घडीच्या खुर्च्या आणि एक जुना फ्रीज. सामना असला की गॅरेजचं दार वर जायचं आणि मी घरातून निघायचो. खेळ मला आठ दिवसांत कळला. एक जण बॉल फेकतो, त्याला पिचर म्हणायचं. दुसरा तो बॅटनं मारतो आणि चार कोपऱ्यांना शिवून घरी येतो. घरी सुखरूप आला की एक रन. ड्रायव्हर माणसाला यात न कळण्यासारखं काय आहे? घरून निघायचं, वाटेत अडकायचं नाही, परत घरी यायचं.

मी बघायला लागलो आणि टीम जिंकायला लागली. आधीही बरी होती म्हणतात, मी बघितलेलं नाही. पण मी त्या खुर्चीत बसल्यापासून दरवर्षी आमची टीम ऑक्टोबरात पोहोचली. ऑक्टोबरात फक्त चांगल्या टीमा खेळतात, बाकीच्या घरी बसतात. ड्रायव्हर लोकांना सांगायचा, "हा आल्यापासून आपण जिंकतो." मी त्याला कधी अडवलं नाही. खरं बोलणाऱ्याला कशाला अडवायचं?

आणि गेल्या वर्षी एप्रिलपासूनच घसरण. तीच माणसं, तोच गणवेश, पण बॅटला बॉल लागेना आणि पिचरनं फेकलेला बॉल समोरचे थेट प्रेक्षकांत मारायला लागले. ड्रायव्हरनं त्याच्या परीनं उपाय सुरू केले. टोपी उलटी करून घातली, आतली शिवण बाहेर. टीमचा अंगरखा धुवायचा बंद केला. मे महिन्यात त्या अंगरख्याच्या शेजारी बसणं मुश्कील झालं, तरी टीम हरतच होती.

मग मी ठरवलं की आता आपल्याकडचा उपाय.

आमची ही होती तेव्हा माझी गाडी घाटात अडकली, निरोप आला नाही, की ती देव पाण्यात ठेवायची. देव्हाऱ्यातला पितळी गणपती उचलायचा, पाण्यानं भरलेल्या पातेल्यात बुडवायचा आणि सांगायचं, माणूस घरी येईपर्यंत तुमचीही सुटका नाही. माझा हॉर्न कोपऱ्यावर वाजला की आधी देव बाहेर, मग चहाला आधण. प्रत्येक वेळी मी घरी आलो. तोच गणपती मी इथं सोबत आणलाय, सूनबाईच्या देव्हाऱ्यात आहे. एका सकाळी आंघोळ करून मी त्याला उचललं, स्टीलच्या पातेल्यात ठेवलं, सोंड बुडेल इतकं पाणी घातलं आणि मोठ्यानं सांगितलं, "टीम ऑक्टोबरात गेली की बाहेर. नाहीतर नाही."

मोठ्यानं सांगितलं ही अडचण झाली. सूनबाई मागंच कॉफी घेत उभी होती.

"बाबा, बाप्पाला बेसबॉलसाठी पाण्यात ठेवलंत?"

"मग कशासाठी ठेवायचं? तुझ्या प्रमोशनसाठी ठेवू?"

"ठेवा ना, त्याचा काही उपयोग तरी होईल," ती म्हणाली आणि ऑफिसला गेली.

सूनबाई माझी चांगली आहे. उलटं बोलते, पण हसून बोलते. दोन दिवसांनी मात्र मुलानं पातेलं भिजत घातलेलं समजून सगळं सिंकमध्ये ओतलं आणि देव डिशवॉशरच्या वरच्या कप्प्यात चमच्यांशेजारी बसलेले सापडले. त्यावर सूनबाई म्हणाली, "हे माझ्या किचनमध्ये नको. मला पाप लागेल." मी पातेलं उचललं आणि शेजारी नेलं.

ड्रायव्हरनं पातेल्यात वाकून बघितलं. मी त्याला समजावलं: गॉड. वॉटर. टीम विन, गॉड आउट. टीम लूज, गॉड इन. मला वाटलं हसेल. तो अजिबात हसला नाही. फ्रीजवरचा पसारा बाजूला केला, खाली स्वच्छ फडकं अंथरलं आणि पातेलं टीव्ही दिसेल असं ठेवलं. मग विचारलं, "त्याला नीट दिसतंय ना?"

असा माणूस. नंतर रोजचं पाणी तोच बदलायला लागला. मी सकाळी जाऊन फूल वाहायचो. जुलैत ऊन तापलं तेव्हा त्यानं पाण्यात बर्फाचे दोन खडे टाकले. मी म्हटलं, अरे, त्याला सुख द्यायचं नाहीये, अडचणीत ठेवायचंय. तो म्हणाला, "हॉट, ड्रायव्हर. व्हेरी हॉट." बर्फ राहू दिला.

टीम हरतच होती. जुलै संपताना तर मालकांनी कहर केला, चांगले चांगले खेळाडू दुसऱ्या टीमांना देऊन टाकले. मी संतापलो. ड्रायव्हर म्हणाला, हा धंदा आहे, पुढच्या वर्षांसाठी पोरं घेतलीत. मी म्हटलं, भर घाटात गाडीची चाकं विकून कुणी पुढच्या वर्षीची चाकं घेतं का? हे मला इंग्रजीत सांगायला बराच वेळ लागला. कळलं तेव्हा तो एवढा हसला की त्याची उलटी टोपी खाली पडली.

सप्टेंबर लागला आणि खरी पंचाईत सुरू झाली. सूनबाई दरवर्षी घरी दीड दिवसाचा गणपती बसवते. मातीची मूर्ती वेगळी असते, पण देव्हाऱ्यातला गणपती तिच्या शेजारी पाटावर लागतोच, तो घरचा मालक. त्यात यंदा नागपूरहून तिची आई यायची होती. विहीणबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. बोलतात अशा, की समोरच्यानं आपोआप हाताची घडी घालावी.

"बाबा, गणपतीच्या आत देव घरी आणाल ना?"

"टीम ऑक्टोबरात गेली की आणतो."

"ती जाणार नाहीये, बाबा. सगळ्या जगाला माहीत आहे."

"मी त्याला शब्द दिलाय."

"आईला काय सांगू मी? सोळा माणसं आरतीला येणार आणि घरचा गणपती कुठे, तर शेजारच्या काकांच्या गॅरेजमध्ये, फ्रीजवर?"

"सांग, बाहेरगावी गेलाय."

या वेळी ती हसली नाही. "ठीक आहे," म्हणाली आणि कामाला लागली. मला भांडण चालतं, 'ठीक आहे' चालत नाही. तिनं मखर उभं केलं, दिव्यांच्या माळा सोडल्या, पाट मांडला, त्यावर लाल कापड घातलं. एका बाजूला मातीच्या मूर्तीची जागा आणि दुसऱ्या बाजूला एक छोटी जागा रिकामी. तिथं तिनं अक्षता ठेवल्या, वर काही नाही. येताजाता ती रिकामी जागा मला दिसत होती. मी दुसऱ्या दारानं ये-जा सुरू केली.

पण शब्द म्हणजे शब्द. आयुष्यात मी माल पोचवतो म्हटलं आणि पोचवला नाही, असं झालेलं नाही. देवाशी तर सौदा मोडायचा कसा?

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारचा सामना होता. हा हरला की हिशेबानंही सगळं संपणार होतं. ड्रायव्हरनं तो अंगरखा घातला, मी दाराकडची खुर्ची उघडून वाऱ्याच्या बाजूला घेतली. पातेलं जागेवर. आठव्या डावापर्यंत आम्ही पुढं होतो. मी मनात पाट भरून टाकला होता. नवव्यात, म्हणजे शेवटच्या डावात, त्या जुलैत आलेल्या नव्या पोरानं असा बॉल फेकला की समोरच्यानं तो थेट प्रेक्षकांत पोचवला, पत्त्याचीही गरज पडली नाही. खेळ खलास.

ड्रायव्हरनं टीव्ही बंद केला. टोपी काढली, सुलटी केली, परत घातली. मग पातेल्याकडं बोट दाखवून विचारलं, "आता?"

"स्टे," मी म्हटलं. "नेक्स्ट इयर."

"सगळा हिवाळा?" त्यानं गॅरेजच्या भिंतीवर हात मारला. इथं जानेवारीत गॅरेजातल्या पाण्याचा दगड होतो. "ड्रायव्हर, तो गोठेल."

मग त्यानं मला त्याच्या आईची गोष्ट सांगितली, सावकाश, हातवारे करून. त्यांच्या घरी एका संताचा छोटा पुतळा होता. टीम हरायला लागली की आई त्याचं तोंड भिंतीकडं करून ठेवायची. आणि तेव्हा टीम फार हरायची, तो लहानाचा मोठा झाला तरी हरतच होती. पण सीझनचा शेवटचा सामना संपला की आई पुतळा सरळ करायची, पदरानं, म्हणजे तिच्या एप्रनानं पुसायची आणि म्हणायची, तू प्रयत्न केलास, थँक्यू.

"जिंकले नाहीत तरी?" मी विचारलं.

"जिंकले नाहीत तरी. नाहीतर पुढच्या वर्षी मागणार कुणाकडं?"

मी खुर्चीत बसून त्यावर विचार केला. चढावर गाडी बंद पडली म्हणून मी कधी इंजिनाला लाथ घातली नव्हती. पाणी घालायचो, थंड होऊ द्यायचो, दोन शब्द गोड बोलायचो, कारण उद्या त्याच इंजिनावर घरी जायचं असायचं. मला हे आधीच माहीत होतं. ड्रायव्हरनं नुसती आठवण केली. मी उठलो, पातेल्यात हात घातला आणि गणपतीला बाहेर काढलं. ड्रायव्हरनं फडकं पुढं केलं. अंगरखा पुढं केला नाही, हे त्याचे उपकार.

घरी आलो तर सूनबाई सारण परतत होती. मी देव ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "ड्रायव्हरला उद्या जेवायला बोलावलंय. एवढं लांबून माणूस येणार, तर घरचा मालक घरी पाहिजे."

लांबून म्हणजे शेजारून. तिनं गॅस बारीक केला, देव हातात घेऊन उजेडात धरला.

"बाबा, हिरवे पडलेत. सोंडेत तर बघा."

"चार महिने उभं केलं तर तूही पडशील."

"चिंच भिजवते. बसा इथं."

बसलो. ती एका बाजूनं घासत होती, मी दुसऱ्या. कानामागची खाच माझ्या नखानंच निघाली. घासता घासता तिनं खाली मान घालूनच विचारलं, "नवव्या इनिंगला पिचर का नाही बदलला त्यांनी?"

मी थांबलो. "तुला काय माहीत?"

"रोज ट्रेनमध्ये फोनवर मॅच बघत होते, आज इथं ओट्यावर. बाप्पा माझे अडकले होते ना तिथे."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर इस्त्रीचा शर्ट घालून आला, टोपी सुलटी. आरतीला टाळ्या चुकीच्या ठेक्यात वाजवल्या, पण सगळ्यांत मोठ्या वाजवल्या. मोदक किती खाल्ले ते मी मोजलं नाही, विहीणबाईंनी मोजलं असेल. आरती झाल्यावर त्या पाटाजवळ वाकल्या, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "व्याही, तुमच्या घरचा गणपती किती लख्ख आहे हो! आमच्याकडे इतकी निगा कोणी ठेवत नाही."

सूनबाईला ठसका लागला.

"रोज पाण्यात असायचा," मी म्हटलं. "एक दिवस चुकू दिला नाही."

"बघ," विहीणबाई लेकीला म्हणाल्या, "शीक यांच्याकडून."

त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, मागच्या अंगणात पिंपात मातीच्या मूर्तीचं विसर्जन झालं. सगळे ओरडले, पुढच्या वर्षी लवकर या. ड्रायव्हरनं मला कोपरानं ढोसलं, काय म्हणतात? मी सांगितलं. त्यानं मान डोलावली, हे वाक्य तो जन्मभर म्हणत आलाय म्हणाला, आणि आमच्याबरोबर पुन्हा एकदा ओरडला. अर्थ कळल्यावर त्याचा उच्चारही सुधारला.

पितळी गणपती देव्हाऱ्यात परत गेला. सूनबाई दिवा लावता लावता म्हणाली, "बाबा, एप्रिलमध्ये परत पाण्यात ठेवायचे असतील तर आधी मला सांगायचं. आणि डिशवॉशरपासून लांब."

"एप्रिलमध्ये गरज पडणार नाही," मी म्हटलं. "ती नवी पोरं बघितलीस का? हात चांगला आहे त्यांचा."

"त्या पोरानंच तर घालवली मॅच!"

"घाट चढायला शिकतोय अजून," मी म्हटलं. "शिकेल."